थळघाटांतून नाशिकास

आमच्या विद्यालयाच्या सहली दरवर्षीं कोठें ना कोठें निघतात आणि त्यांचे वृत्तान्त या वार्षिकांत छापलेही जातात. निघण्याची वेळ, जेवणाचा बेत, पाहिलेलीं स्थळें व सुखरूप परतल्याचा आनंद, एवढा मजकूर त्यांत बहुधा असतो. गेल्या श्रावणांत आम्ही नववीच्या मुलांसह मुंबईहून आगगाडीनें नाशिकास गेलों, त्या प्रवासाचाही असाच वृत्तान्त देतां आला असता. परंतु कसारा स्टेशनावर एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला आणि त्याचें उत्तर देतां देतां आमचे दोन दिवस संपून गेले. "सर, गाडी पुढें जायची आहे ना? मग इंजिनें मागें कां जोडतात?" हा तो प्रश्न. त्या गडबडींत जें सांगावयाचें राहून गेलें तेंही येथें घालून तें उत्तर मुलांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, हें मुलांस पाठ असतें. त्यापुढची हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला आणि त्यापुढें त्याचे दोन फांटे झाले. एक आग्नेयेस बोरघाटाकडे व पुण्याकडे गेला. दुसरा ईशान्येस थळघाटाकडे व नाशिककडे वळला. या दुसऱ्या फांट्यानें १८५५ मध्यें वाशिंद आणि १८६१ च्या आरंभीं कसारा गांठलें. येथवर मुंबईपासून पाऊणशें मैल झाले. पुढें इगतपुरी अवघी सव्वानऊ मैलांवर. पण ते सव्वानऊ मैल वाहतुकीस खुले होण्यास १ जानेवारी १८६५ हा दिवस उजाडावा लागला. पाऊणशें मैलांनंतर सव्वानऊ मैलांसाठीं आणखी चार वर्षें! घाट म्हणजे काय हें या एका हिशेबावरून ध्यानांत यावें.

आसनगांव सोडल्यावर डाव्या हातास माहुलीचा किल्ला असतो. निजामशाही वांचविण्याची शहाजीराजांची अखेरची झुंज १६३६ मध्यें याच गडावर संपली. आम्ही गेलों त्या दिवशीं त्याचे सुळके ढगांत बुडालेले होते व इतिहासाच्या शिक्षकांस नुसत्या ढगाकडे बोट दाखवून सर्व सांगावें लागलें. पुढें खर्डी, उंबरमाळी. दोहों बाजूंस भाताचीं खाचरें, त्यांत वांकून आवणी उरकणारीं माणसें, आणि मधून मधून सागाचें रान. मुंबईच्या घरोघरीं नळास येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा तानसा, भातसा व वैतरणा यांच्या याच मुलखांतून जातो, हें ऐकल्यावर कांहीं मुलांनीं खिडकीबाहेर जरा निराळ्या नजरेनें पाहिलें.

कसाऱ्यास गाडी थांबली. इंजिनें मागून संथपणें आलीं, शेवटच्या डब्यास हलकासा धक्का बसला, सांखळ्या व नळ्या जोडल्या गेल्या. या इंजिनांस रेल्वेची मंडळी 'बँकर' म्हणतात. (आपण अद्याप 'आगगाडी' म्हणतों, वास्तविक या मार्गावरील गाडींत आग उरलेली नाहीं, सर्व कारभार विजेचा आहे. परंतु जिभेची संवय इंजिनांपेक्षां सावकाश बदलते.)

आतां प्रश्नाकडे वळूं. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग ९७२ फूट चढतो. सव्वानऊ मैलांत ९७२ फूट म्हणजे सरासरी पन्नास फुटांस एक फूट. पण जेथें चढ कडक आहे तेथें तो सदतीस फुटांस एक फूट इतका पडतो. बोरघाटांतही चढ एवढाच आहे. भारतांतील रुंद रुळांच्या मुख्य मार्गांवर याहून अधिक चढ आढळत नाहीं. पायीं चालणाऱ्यास हा चढ कांहींच नव्हे. आमच्या विद्यालयाचा जिना त्याहून कितीतरी उभा आहे, आणि बैलगाडीही असा चढ कुरकुरत कां होईना चढून जाते. मग आगगाडीस त्याचा एवढा बाऊ कां वाटावा?

आगगाडीचें जें बळ तेंच तिचें वैगुण्य आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फार थोड्या अडथळ्यानें फिरतें. म्हणून सपाटीवर एकटें इंजिन हजार टनांचें ओझें लीलेनें ओढतें. परंतु इंजिनाच्या चाकांस रूळ घट्ट धरून ठेवावयाचा असतो तोही त्याच गुळगुळीत पोलादावर. इंजिनाचें जें वजन असेल त्याच्या फार तर चौथ्या-पांचव्या हिश्शाएवढीच ओढ चाकें न घसरतां लावतां येते. अधिक जोर केल्यास चाकें जागच्या जागीं गरगरतात व गाडी हलत नाहीं. पावसांत रूळ ओले झाले म्हणजे तर ही पकड आणखी कमी होते. त्यासाठीं रुळांवर वाळू सोडण्याची सोय इंजिनांतच केलेली असते. आतां हिशेब करा. हजार टनांची गाडी सदतीसांस एक या चढावर उभी केली, तर नुसत्या स्वतःच्या भारानें ती सत्तावीस टनांच्या ओढीनें मागें येऊं पाहते. एकशेंवीस टनांच्या इंजिनाची पकड मोजली तर तीही चोवीस ते तीस टनच भरते! म्हणजे एकटें इंजिन गाडीस जेमतेम धरून ठेवील, चढवील कोठून? शिवाय वळणांवर चाकें रुळाच्या कडेशीं घासतात त्याचा विरोध निराळाच.

"मग दोन्ही-तिन्ही इंजिनें पुढेंच कां जोडीत नाहींत?" हा लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो पहिल्याहून चांगला होता. सर्व इंजिनें पुढें लावलीं तर सगळ्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या जोडावर येतो. दोर फार ताणला म्हणजे जेथें सर्वांत अधिक ताण तेथें तुटतो, तसा तो जोड तुटण्याचें भय असतें. आणि घाटांत जोड तुटला म्हणजे मागचे डबे उताराला लागणार. कांहीं इंजिनें मागें लावलीं म्हणजे भार वांटला जातो, अर्धी गाडी ओढली जाते व अर्धी ढकलली जाते. त्यांतूनही एखादा जोड तुटलाच, तर मागें आधार देण्यास कोणी तरी असतें. चढणीवर ओझ्याची हातगाडी नेणारे दोघे असतील तर एक पुढें ओढतो व दुसरा मागें खांदा लावतो. त्यांस हें शास्त्र कोणी शिकविलेलें नसतें.

गाडी सुटली आणि रानांत शिरली. सह्याद्रि हा काळ्या बेसाल्टाचा डोंगर. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट मागून लोट बाहेर पडले व थरावर थर निवत गेले, तो हा दगड. घाटांतील कड्यांवर हे थर अंथरुणांच्या घड्यांप्रमाणें स्पष्ट दिसतात आणि श्रावणांत प्रत्येक घडीवरून एक एक पांढरी धार खालीं येत असते. मुलें या धारा मोजीत होतीं. वीसाच्या पुढें त्यांनीं तो नाद सोडला. पहिला बोगदा आला तेव्हां डब्यांत जो आरडाओरडा झाला त्याचें वर्णन येथें न केलेलेंच बरें.

हा मार्ग आंखला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य एंजिनियर जेम्स जॉन बर्कले यांच्या हाताखालीं. ते १८५० मध्यें मुंबईस आले. बोर व थळ या दोन्ही घाटांतील रानें व ओढे तुडवून, पुनःपुन्हां मोजणी करून त्यांनीं वाट ठरविली. परंतु १८६३ मध्यें बोरघाट खुला झाला आणि १८६५ मध्यें थळघाट, तेव्हां ते हयात नव्हते; प्रकृति खालावून ते इंग्लंडास परतले होते व तेथेंच १८६२ मध्यें, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. थळघाटाच्या मूळ मार्गांत तेरा बोगदे होते. एके ठिकाणीं तर डोंगराच्या अंगावर वळण घेण्यासही जागा नव्हती. तेथें त्यांनीं अशी युक्ति केली कीं, गाडीनें पुढें बंद असलेल्या एका फांट्यावर जाऊन थांबावें, इंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागावें, आणि गाडीनें उलट्या तोंडानें पुढचा चढ चढावा. नागमोडी पायवाटेनें गड चढणारा मनुष्य कोपऱ्यावर वळतो, तसेंच हें. फरक इतकाच कीं गाडीस वळतां येत नाहीं, म्हणून ती पाठमोरी चालते. पुढें मार्ग सुधारून ही अडचण काढून टाकण्यांत आली.

त्या काळीं डायनामाइट नव्हता. नोबेलनें त्याचा हक्क घेतला तो १८६७ मध्यें. येथील प्रत्येक बोगदा पहार, छिन्नी आणि घण यांनीं भोंकें पाडून, त्यांत साधी बंदुकीची दारू ठांसून फोडलेला आहे. कांहीं ठिकाणीं तर कडा इतका तुटलेला कीं, सुरुंगाचें भोंक पाडणाऱ्या माणसास दोरानें वरून खालीं सोडावें लागे. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचें काम थंडावे, म्हणून कोरड्या दिवसांत माणसांचा डोंगर उभा करावा लागे. एकट्या बोरघाटांत १८६१ मध्यें बेचाळीस हजारांवर मजूर एके वेळीं राबत होते. त्यांत दगडमातीच्या कामांत पिढ्यान् पिढ्या मुरलेले वडार होते, देशावरचे व कोंकणांतले शेतकरी होते, बायका होत्या आणि टोपल्या वाहणारीं लहान मुलेंही होतीं. पटकी व हिंवताप यांच्या सांथी या तळांवर पुनःपुन्हां येत. दोन्ही घाटांच्या कामीं हजारों माणसें मरण पावलीं असें इतिहासकार सांगतात. नक्की आंकडा सांगतां येत नाहीं, कारण त्या लोकांची नांवनिशी कोणी नीट लिहूनच ठेविली नाहीं. बर्कले यांचें चरित्र आपणांस जन्मतिथीपासून मिळतें. दोरावर लोंबकळणाऱ्या त्या माणसाचें नांवसुद्धां मिळत नाहीं.

हें सर्व आम्ही सांगत असतां गाडी घाटांत मध्येंच थांबली. सिग्नल तांबडा होता. एका बाजूस हाताच्या अंतरावर ओला कडा, दुसऱ्या बाजूस धुक्यानें भरलेली दरी. मुलें कुरकुरूं लागलीं. उशीर झाला तर जेवण हुकेल, ही त्यांची मुख्य चिंता. तोंच शेजारच्या रुळावरून एक मनुष्य चालत आला. अंगांत पिंवळा रेनकोट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. तो रुळाकडे पाहत, मधूनच वर कड्याकडे पाहत, आमच्या खिडकीखालून गेला.

ज्या मुलानें इंजिनांचा प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "सर, माझे आजोबा ह्याच घाटांत गँगमन होते."

आम्हांस हें ठाऊक नव्हतें. तीन वर्षें तो आमच्या वर्गांत आहे. आम्हींही कधीं विचारलें नव्हतें. मग तोच सांगूं लागला आणि आम्ही सर्वजण ऐकत राहिलों. पावसाळ्यांत रात्रभर दोन दोन मैलांची गस्त असे. कड्यावरून दरड सुटली आहे काय, रुळाखालची खडी वाहून गेली आहे काय, हें कंदिलाच्या उजेडांत पाहत जावयाचें. झोळींत तांबडा दिवा व फटाके. वाटेंत धोंडा दिसला तर गाडी येण्यापूर्वीं दूरवर धांवत जाऊन रुळावर ते फटाके बांधावयाचे. चाक त्यावरून गेलें म्हणजे मोठा बार होतो आणि ड्रायव्हर गाडी रोखतो. "आजोबा म्हणायचे, दरड पडतांना आवाज आधीं येतो आणि वास मागून. ओल्या मातीचा." असें सांगून तो गप्प बसला. जेवणाविषयीं त्यानंतर कोणी बोललें नाहीं.

सिग्नल सुटला. थोड्याच वेळांत एहेगांवचा पूल आला. १८२ फूट खोल दरीवर तो सुमारें ७५० फूट पसरला आहे. खालीं पाहण्याचें धैर्य सर्वांसच झालें असें नाहीं. मग पुन्हां बोगदे, पुन्हां धारा, आणि इगतपुरी. येथें मागचीं इंजिनें सुटलीं व पुढच्या गाडीसाठीं खालीं कसाऱ्याकडे परतलीं. दिवसभर त्यांचें हेंच काम. सबंध प्रवास त्यांच्या नशिबीं कधीं येत नाहीं.

इगतपुरीच्या फलाटावर आम्हीं चहा घेतला आणि उरलेलें थोडें सांगून टाकलें. या घाटांत विजेवर गाड्या चालूं लागल्या त्या १९३० च्या सुमारास. त्या वेळच्या मालगाड्यांचें इंजिन मध्यें उंच व दोहों टोंकांस लांब नाकाडाचें असे. लोक त्यास 'खेकडा' म्हणत. त्यांत एक मौज होती. गाडी उतरूं लागली म्हणजे त्याचीं यंत्रें उलटीं काम करून वीज उत्पन्न करीत व ती वरच्या तारेंत परत सोडीत. गाडीस लगामही बसे आणि वीजही वांचे. आजच्या नव्या इंजिनांतही हें तत्त्व आहेच. २०२३ मध्यें सुरू झालेली मुंबई-शिर्डी 'वंदे भारत' ही गाडी तर या घाटांत बँकरावांचूनच चढते. कारण तिचीं यंत्रें एका इंजिनांत कोंडलेलीं नसून अनेक डब्यांखालीं वांटलेलीं आहेत, म्हणजे रूळ धरणारीं चाकेंही पुष्कळ. भार वांटावा, हीच ती जुनी युक्ति. फक्त ती गाडीच्या पोटांत गेली.

इगतपुरी सोडल्यावर जें घडतें तें भूगोलाच्या पुस्तकांत चार ओळींत लिहिलेलें असतें, पण डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पटत नाहीं. इगतपुरीस वर्षांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पन्नास किलोमीटरांवर नाशिकास त्याचा चौथा हिस्साही धडपणें पडत नाहीं. घोटीस आलों तों झड ओसरून बारीक भुरभुर उरली. अस्वलीस ऊन पडलें. लहवीतास रस्ते कोरडे होते. देवळालीस मुलांनीं रेनकोट काढून घडी केली. समुद्रावरून आलेल्या ढगांस सह्याद्रीनें वर ढकलावें, वर गेल्यावर त्यांनीं निवून ओझें टाकावें आणि रिकाम्या हातांनीं देशावर उतरावें, हा सारा प्रकार एका तासाच्या आंत खिडकींतून पाहावयास मिळाला. उजव्या हातास ढग फाटले तेव्हां कळसूबाईच्या रांगेंतील अलंग, मदन व कुलंग हे तीन किल्ले क्षणभर दिसले. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांत सर्वांत उंच.

आणखी एक गोष्ट येथें बदलते, ती मात्र दिसत नाहीं. घाटाच्या अलीकडे पडलेला थेंब एकदोन दिवसांत अरबी समुद्रास मिळतो. पलीकडे पडलेला थेंब दारणेंतून गोदावरींत जातो आणि सबंध दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास भेटतो. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर, पश्चिम समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर. परंतु तिनें जवळची वाट सोडून १४६५ किलोमीटरांची वाट धरली. तिच्यापुढें तरी दुसरें काय होतें? आड सह्याद्रि आहे.

नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोहोंमध्यें घोड्यांची ट्राम सुरू झाली होती. आम्ही बसनें गेलों. नाशिकचे लोक गोदावरीस नुसतें 'गंगा' म्हणतात. "गंगेवर जाऊन आलों" असें तेथील मनुष्य सांगतो तेव्हां त्यास काशीस गेल्याचें सांगावयाचें नसतें. सिंहस्थांत, म्हणजे गुरु सिंह राशीस येतो त्या वर्षीं, लाखों माणसें या कांठावर येतात. २००३ व २०१५ हीं तशीं वर्षें होतीं. आम्ही गेलों तेव्हां रामकुंडावर बेताचीच गर्दी होती आणि पाणी मातकट व चढतें होतें.

नाशिककर पाण्याची चढती मोजतो ती आंकड्यांनीं नव्हे, तर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. पाण्याच्या कडेस उभी असलेली ही उंच मूर्ति. पाणी गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, अशी बातमी शहरभर जाते. वर गंगापूरचें धरण १९६५ मध्यें पुरें झालें, तरी मारुतीचें हें काम सुटलेलें नाहीं. २००८ च्या सप्टेंबरांत पुरानें कांठचा बाजार बुडाला तेव्हां साऱ्या शहराचे डोळे त्याच्याकडेच लागले होते. जवळच नारोशंकराचें देऊळ आहे, १७४७ मध्यें बांधलेलें. त्याच्या कोटावरील घंटा पोर्तुगालांत ओतलेली असून १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर विजयाची खूण म्हणून ती येथें आली. परदेशांत ओतलेली ती घंटा वसईहून याच सह्याद्रीवर चढली असली पाहिजे, आणि त्या वेळीं बँकर नव्हते.

काळारामाच्या देवळांत आम्ही गेलों तेव्हां पुजाऱ्यांनीं मुलांस प्रसाद दिला. बाहेर येऊन महाद्वारापाशीं आम्ही थोडें थांबलों. २ मार्च १९३० रोजीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं, दादासाहेब गायकवाड प्रभृति मंडळींसह हजारों अस्पृश्य स्त्रीपुरुष याच दारापुढें आले होते. दारें बंद करून घेण्यांत आलीं. सत्याग्रह पुढें कांहीं वर्षें चालला. ज्या वर्षांच्या सुमारास गाडी विजेच्या बळावर सह्याद्रि चढूं लागली, त्याच वर्षीं माणसांस एक उंबरठा चढूं दिला जात नव्हता, हें मुलांस आम्हीं सांगितलें. अधिक कांहीं सांगण्याची गरज पडली नाहीं.

शरणपुरासही आम्ही मुद्दाम गेलों, कारण नाशिकच्या पुस्तिकांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. अरबी समुद्रांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकेचीं मुलें गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत चर्च मिशनरी सोसायटीच्या या वस्तींत आणून शिकवीत. लिहिणें-वाचणें, सुतारकाम, लोहारकाम. त्यांतील कांहीं पुढें डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधप्रवासांत गेले. १८७३ मध्यें लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले तेव्हां त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरण्यांत आलें, आणि तेथें अंत्यविधीचा पाठ वाचून झाडाच्या सालींत त्यांचें नांव व तारीख कोरणारा तरुण, जेकब वेनराइट, हा नाशिकास शिकलेला होता. मग त्या मंडळींनीं तो देह कित्येक महिने चालत समुद्रकांठीं आणिला. वेस्टमिन्स्टर ॲबींत १८७४ मध्यें दफन झालें त्या वेळीं शवपेटिका धरणाऱ्यांत जेकबही होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पांडवलेणीं. पांडवांचा व त्यांचा कांहीं संबंध नाहीं. त्रिरश्मि डोंगरावर कोरलेलीं हीं चोवीस बौद्ध लेणीं दोन हजार वर्षांच्या आसपासचीं आहेत. एकोणिसाव्या लेण्यांत सातवाहन कुळांतील कृष्ण राजाच्या वेळचा लेख आहे व त्यांत नाशिकचें नांव येतें. तिसऱ्यांत गौतमी बलश्री या राजमातेनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याचे पराक्रम वर्णिले आहेत. परंतु आमच्या विषयास जवळचा लेख दहाव्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें आपलीं दानें तेथें नोंदविलीं आहेत: भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें प्रवाशांसाठीं निवारे, आणि तापी, दमणा, डहाणुका आदि नद्यांवर फुकट उतार करून देणाऱ्या नावा. गोवर्धन हें नाशिकच्या शेजारचें, शूर्पारक म्हणजे आजचें वसईजवळचें सोपारा. घाटाखालचें बंदर आणि घाटावरचें गांव एकाच लेखांत! माणसांस पलीकडे नेण्याची सोय ही दगडावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट आहे, असें त्या काळच्या राजपुरुषास वाटलें.

आमच्या प्रश्नकर्त्यानें विचारलें, "सर, लेणीं कोरणाऱ्यांचीं नांवें आहेत?"

दान करणाऱ्यांचीं आहेत. आणि ते सगळेच राजे नव्हेत. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास हा मासे धरणारा होता असें जाणते लोक लेखावरून ठरवितात, तर अठराव्याच्या दर्शनी भागासाठीं धंभिक नांवाच्या एका गांवच्या लोकांनीं मिळून दान दिलें होतें. परंतु ज्यांनीं छिन्नी धरली त्यांचीं नांवें आम्हांस तेथें दाखवितां आलीं नाहींत. मुलगा भिंतीजवळ गेला आणि छिन्नीचे बारीक तिरपे घाव दिसत होते त्यांवरून त्यानें बोट फिरविलें. बोगद्याच्या भिंतीलाही असेच असतील काय, असें त्यानें विचारलें. असावेत, असें आम्ही म्हणालों; पण गाडींतून ते दिसत नाहींत.

परतीची गाडी संध्याकाळची होती. इगतपुरीस अंधार पडला आणि पाऊस पुन्हां भेटला. उतरणाऱ्या गाडीस घाटांत एक नियम आहे. मुख्य मार्गापासून एक फांटा डोंगराकडे वर चढत जाऊन संपतो. यास 'कॅच सायडिंग' म्हणतात. सांधा नेहमीं त्या फांट्याकडेच वळवून ठेवलेला असतो. गाडीनें त्याच्या अलीकडे पुरतें थांबावें, तिचे ब्रेक ताब्यांत आहेत अशी खात्री व्हावी, मगच सांधा फिरून तिला पुढची वाट मिळते. जी गाडी थांबूं शकत नाहीं ती आपोआप फांट्यावर चढते आणि चढावर तिचा वेग मरतो. जातांना थांबलों तेव्हां कुरकुरणारीं मुलें या वेळीं गाडी थांबण्याचीच वाट पाहत होतीं.

ती थांबली. बाहेर कांहीं दिसत नव्हतें. पाण्याचा आवाज तेवढा चहूंकडून येत होता. थोड्या वेळानें शेजारच्या रुळावरून एक दिवा हळूहळू येतांना दिसला, कधीं रुळावर, कधीं वर कड्यावर फिरत. खिडकीशीं बसलेल्या आमच्या मुलानें काच वर केली, पावसांत हात बाहेर काढला आणि हांक मारली, "काका, तुमचं नांव काय?"

दिव्यामागून नांव आलें. पण त्याच क्षणीं गाडी हलली, आणि डब्यांत पुढें बराच वेळ वाद चालला कीं तें नेमकें काय होतें.